शब्दाचे कूळ आणि शब्दाचा मुक्काम

परकीय शब्दाचा अर्थ लावण्याची वेळ आली म्हणजे आपले लेखक, भाषांतरकार आणि कोशकार प्रथम त्याचे कूळ शोधू लागतात. शब्द लॅटिनातून आला की इटालियनातून, त्याचा धातू कोणता, हे एकदा कळले की अर्थ हाती आला, अशी आपल्याकडे एक दृढ समजूत आहे. व्युत्पत्तिशास्त्राला वेदांगात स्थान देणाऱ्या समाजाला ती साहजिकही आहे. परंतु नोकरीनिमित्त काशीस येऊन राहिलेल्या मराठी माणसाला ती फार दिवस बाळगता येत नाही, असे आम्हांस वाटते. काशी हिंदू विश्वविद्यालयातील 'शिक्षा संकाया'चे नाव ऐकून, तेथे छडीचे किती प्रकार शिकवतात, हा विनोद प्रत्येक नव्या मराठी बिऱ्हाडात एकदा तरी होतो. गोदौलियाच्या चौकात 'यातायात पुलिस' ही अक्षरे वाचून आपल्यापैकी अनेकांना त्या बिचाऱ्या शिपायांची दया आलेली असते. आपत्ती आपल्या घरावर कोसळते. येथील कचेरीत अर्जदार ती लेखी दाखल करतो. चेष्टा आपण मित्राची करतो. येथे ती परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी करतात.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हे शब्द दोन्ही भाषांनी एकाच संस्कृत भांडारातून उचलले आहेत, आणि लिपीही एकच आहे. 'यातायात' म्हणजे गेलेले व आलेले. तेव्हा कुळाच्या दृष्टीने पाहता हिंदीचा अर्थ अधिक सरळ ठरतो. म्हणून कोणी मराठी गृहिणीला सांगू लागला की, बाई, दिवसभराच्या कामाला तुम्ही यातायात म्हणता हे चूक आहे, तर ती त्याला काय उत्तर देईल हे सांगावयास नको. सख्ख्या भाषाभगिनींत जर ही अवस्था, तर व्हेनिसच्या बंदरावरून निघून, फ्रान्समार्गे इंग्लंडात जाऊन, तेथून मुंबईस उतरलेल्या शब्दाचा अर्थ त्याच्या जन्मपत्रिकेवरून कितीसा कळणार?

कचेरीच्या मेजावरचाच एक शब्द घेऊ. तक्त्यात वरचीच नोंद खाली पुन्हा लिहिण्याचा कंटाळा आला म्हणजे 'डिट्टो' लिहिण्याची वहिवाट आपण इंग्रजी अमदानीत उचलली. हा शब्द इटलीतील टस्कनी प्रांताचा. अर्थ 'सांगितलेला', 'उक्त'. इंग्रजीने तो सतराव्या शतकात घेतला तो तारखांसाठी : महिन्याचे नाव एकदा लिहिले की पुढे प्रत्येक वेळी 'उक्त महिना'. आता पेशवे दप्तरातील जुनी पत्रे आठवावीत. 'माहे मजकूर', 'सन मजकूर', 'मौजे मजकूर'. मजकूर हा अरबी शब्द आणि त्याचा अर्थ 'उल्लेखिलेला'. फ्लॉरेन्सचा सावकार आणि पुण्याचा कारकून यांची कधी गाठ पडली नव्हती. परंतु हात दुखण्याचा त्रास दोघांना सारखाच असल्यामुळे दोघांनीही एकच युक्ती काढली. कुळावरून अर्थ ठरवायचा तर 'डिट्टो'ला 'मजकूर' यापेक्षा नेमका प्रतिशब्द जगात मिळणार नाही. पण दोन्ही शब्द पुढे आपापल्या वाटेने गेले. इंग्रजी शब्द 'हुबेहूब तसेच' या अर्थावर येऊन बसला, आणि मजकूर म्हणजे लिहिलेला सगळाच ऐवज झाला. मुलगा डिट्टो बापासारखा आहे, असे आपण आज सहज म्हणतो. व्युत्पत्तीच्या भरवशावर चालणारा भाषांतरकार तेथे 'मुलगा बापाचा मजकूर आहे' असे लिहील, आणि ते वाक्य वाईट नसले तरी त्याचा अर्थ निराळाच होईल.

'बँकरप्ट' या शब्दाची गोष्ट याहून बोधक आहे. इटालियनात 'बांका रोत्ता' म्हणजे मोडलेले बाक. चौकात बाक मांडून नाण्यांची उलाढाल करणारा सराफ देणे भागवू शकला नाही की त्याचे बाक मोडीत, अशी कथा सांगतात. आपल्याकडे सावकार बुडाला म्हणजे तो भर दिवसा पेढीवर दिवा लावून ठेवी, आणि त्यावरून 'दिवाळे' शब्द निघाला, अशी कथा आहे. दोन्ही कथा कितपत खऱ्या हा प्रश्न बाजूस ठेवू. मोडलेले बाक आणि दिवसाचा दिवा यांत व्युत्पत्तीचे काडीचेही नाते नाही. तरीही 'बँकरप्ट'ला 'दिवाळखोर' हा प्रतिशब्द बिनतोड आहे, कारण दोन्ही शब्द बाजारातील एकाच प्रसंगी, एकाच प्रकारच्या माणसाविषयी, एकाच सुरात उच्चारले जातात. जेथे असा शब्द भाषेत नांदत असतो तेथे नवा घडवण्याचा खटाटोप कशासाठी? तो झाला म्हणजे काय होते याचा नमुना २०१६ सालच्या कायद्यात दिसतो. इंग्रजी नावात 'इन्सॉल्व्हन्सी' आधी आणि 'बँकरप्सी' नंतर आहे. मराठी वृत्तपत्रे त्याला 'नादारी व दिवाळखोरी संहिता' म्हणतात. हिंदी नाव 'दिवाला और शोधन अक्षमता संहिता' असे आहे. म्हणजे दिवाळे मराठीत दुसऱ्या जागी बसले आणि हिंदीत पहिल्या. दोन्ही भाषांत काम करणाऱ्या मराठी अधिकाऱ्याने कोणत्या संज्ञेला काय म्हणावे? शिवाय 'शोधन' म्हटले की मराठी कानाला शुद्धीकरण किंवा संशोधन ऐकू येते. त्यात देणे फेडण्याचा वास नाही.

रोगांच्या नावांतही हाच प्रकार. 'मलेरिया' म्हणजे इटालियनात दूषित हवा. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेस डासाच्या पोटात त्या रोगाचा जंतू आढळला, आणि हवेचा काही संबंध नाही हे ठरले. शब्द मात्र खोटे कूळ घेऊन खुशाल जगला. आपला 'हिवताप' कारणाच्या भानगडीत पडत नाही. रोग्याला काय होते तेवढेच सांगतो, आणि म्हणूनच त्याला कोणत्याही शोधाने बाध आला नाही. 'इन्फ्लुएंझा' म्हणजे प्रभाव, ग्रहताऱ्यांचा प्रभाव. काशीच्या ज्योतिष्याला हा शब्द मुळासकट समजावून सांगितला तर तो म्हणेल की ही तर आमची ग्रहबाधा. पण १९१८ च्या साथीची बातमी देताना कोणा लेखकाने 'ग्रहबाधेने माणसे दगावली' असे लिहिले असते तर? 'क्वारंटाइन' म्हणजे चाळीस दिवसांचा मुक्काम. परकी जहाजे व्हेनिसबाहेर तेवढे दिवस थोपवून धरीत. २०२० साली त्याला मराठीत 'अलगीकरण' आणि 'आयसोलेशन'ला 'विलगीकरण' असे दोन शब्द योजले गेले. पहिला संशयितासाठी, दुसरा रोग्यासाठी. परंतु दोहोंत एका अक्षराचाच भेद, आणि लोकांच्या तोंडी कोणताच नाही. परिणामी वृत्तपत्रांतून एकाच्या जागी दुसरा सर्रास छापला गेला. चौदा दिवस घरी बसायचे की रुग्णालयात जायचे, हे ज्या शब्दावर अवलंबून आहे तो शब्द एवढा ठिसूळ असून चालत नाही. शब्द निवडणाऱ्यांनी धातूचा विचार केला, कानाचा केला नाही.

येथवर आम्ही कचेरी व बाजार यांतच फिरलो. साहित्याच्या भाषांतरात हा प्रश्न अधिक अवघड होतो, कारण तेथे शब्द कोणाच्या तरी तोंडी असतो. शेक्सपिअरचे 'ऑथेल्लो' मराठीत फार लवकर आले. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर १८६७ चे, आणि देवलांचे 'झुंझारराव' हे रूपांतर १८९० चे. मूळ नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात इयागो आपल्याला डावलून कॅसिओला बढती मिळाल्याबद्दल जळफळतो. तो कॅसिओला मोठा गणिती म्हणतो, जमाखर्च मांडणारा म्हणतो, आणि तो फ्लॉरेन्सचा असल्याचे आवर्जून सांगतो. कोश उघडून बसलेल्या वाचकाला यात शिवी कोठे आहे हे कळणार नाही. गणिती असणे हा काय दोष आहे? आणि फ्लॉरेन्सचा असणे हा तर भूगोल झाला. टीपा देणारा विद्वान येथे तळटीप जोडील की फ्लॉरेन्स हे पेढ्यांचे व हिशेबनिसांचे शहर होते आणि दुहेरी नोंदीच्या जमाखर्चाची पद्धत सांगणारा लुका पाचोलीचा ग्रंथ १४९४ साली व्हेनिसमध्ये छापला गेला. माहिती उत्तम, परंतु तोवर रंगभूमीवर इयागोचा राग थंड झालेला असतो. आमच्या मते या ठिकाणी इयागोला हवा असलेला शब्द मराठीत शेकडो वर्षे तयार आहे, आणि तो शब्द म्हणजे 'कारकुंडा'. ज्या समाजात शिलेदार आणि फडावरचा कारकून यांचे परस्परांविषयीचे मत कधी फारसे चांगले नव्हते, त्या समाजाला तळटीप लागत नाही. तलवार मिरवणाऱ्याला डावलून लेखणीवाल्याला बढती मिळाली म्हणजे छावणीत काय बोलले जाते, हे बखरी वाचणाऱ्याला ठाऊक असते. (आमच्या वाचकांपैकी बहुतेक जण लेखणीवरच पोट भरणारे असल्यामुळे हे उदाहरण त्यांना किंचित बोचेल, पण म्हणूनच ते त्यांना अचूक कळेल.)

याउलट 'ऑपेरा'चे भाषांतर 'संगीत नाटक' असे करण्याची चाल आम्हांस साफ नापसंत आहे. ऑपेऱ्यात सामान्यतः सारे संभाषणच गाऊन होते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या शाकुंतलापासून चालत आलेल्या आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद आणि पदे यांचा खेळ चालतो, आणि गवई नट पदाला किती रंग भरतो यावर रात्र लांबते. इटालियन कादंबरीतील पात्र संगीत नाटकाला गेले असे वाचताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बालगंधर्व उभे राहतात. तेथे 'ऑपेरा' हाच शब्द ठेवावा. 'अलेग्रो' आणि 'अदाजिओ' यांना द्रुत व विलंबित म्हणणाऱ्यांनाही आमचे तेच सांगणे आहे. आपली लय तालाच्या आवर्तनात मोजली जाते. त्यांच्या संज्ञेत गतीबरोबर वृत्तीही सांगितलेली असते. अलेग्रोचा शब्दार्थच मुळी 'आनंदी' असा आहे.

आता ग्राम्य आणि छावणीतल्या बोलीकडे वळू. या प्रांतातील इंग्रजी वाचणाऱ्याने हॉब्सन-जॉब्सन हा कोश अवश्य चाळावा. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी तो रचला, आणि १८८६ साली तो प्रसिद्ध झाला. यूल बंगालच्या इंजिनिअर पलटणीत होते. बर्नेल मद्रासच्या मुलकी नोकरीत, तंजावरास न्यायाधीश. भोसले राजांच्या सरस्वती महालातील संस्कृत पोथ्यांची सूचीही याच बर्नेलांनी केली. १९०३ ची सुधारलेली आवृत्ती विल्यम क्रुक यांची, आणि क्रुक हे काशीच्या शेजारी मिर्झापुरास कलेक्टर होते. आपल्या मोल्सवर्थांचाही पेशा लष्करी होता. बदलीच्या गावी राहून तेथील बोली कानांनी टिपणाऱ्या नोकरदारांनी ही कोशवाङ्मयाची परंपरा घडवली. आमच्या वाचकांनी हे ध्यानात घ्यावे. काशी, प्रयाग, लखनौ येथे तीस तीस वर्षे काढलेल्या किती मराठी अधिकाऱ्यांनी अशी एक वही तरी ठेवली आहे?

या कोशाचे नावच मुळी छावणीतील अपभ्रंशाचा नमुना आहे. मोहरमच्या मिरवणुकीतील 'या हसन, या हुसेन' या शोकघोषाचे गोऱ्या शिपायांनी 'हॉब्सन-जॉब्सन' केले. एका समाजाचे रडणे दुसऱ्याच्या तोंडी गंमत होऊन बसले, आणि कोशकारांनी ती गंमत मोठ्या कौतुकाने मुखपृष्ठावर घेतली. कोशाचे मोठेपण त्यातील दाखल्यांत आहे. प्रत्येक शब्द कोणत्या साली, कोणी, कोणत्या वाक्यात वापरला ते तेथे मिळते, आणि अर्थ सांगण्याची याहून प्रामाणिक रीत आम्हांस माहीत नाही. परंतु त्या दाखल्यांतूनच आणखी एक गोष्ट उघडी पडते. हिंदुस्थानी क्रियापदे इंग्रजांनी घेतली ती 'पकडाव', 'लगाव', 'बनाव', 'फुसलाव', 'धमकाव' अशा रूपांत. शिपायाने उचललेला 'देको' म्हणजे आपला 'देखो'. ही सारी रूपे आज्ञार्थी आहेत. कोशकारांनी हे व्याकरण नोंदले आहे. त्याचे कारण मात्र वाचकाने ओळखावयाचे. साहेबाच्या तोंडून हुकूम निघत, आणि भाषेची तेवढीच बाजू त्याच्या पदरी पडली. आपण पोर्तुगिजांकडून 'पगार' घेतला, त्याच्या मुळाशी 'देणे चुकवणे' या अर्थाचे क्रियापद आहे. त्यांची क्रिया आपल्याकडे येऊन नाम झाली. घेणाऱ्याच्या हाताला जे लागले त्याला घेणाऱ्याने नाव दिले.

छावणीतील शब्दांत आम्हांस सर्वांत विलक्षण वाटतो तो 'ब्लायटी'. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धावरील इंग्रजी कादंबऱ्या व आठवणी वाचताना तो पानोपानी भेटतो, आणि सामान्य कोशात पाहिले तर 'इंग्लंड' एवढाच अर्थ मिळतो. त्याचे कूळ शोधले तर आपल्याला घरी आल्यासारखे वाटते, कारण तो आपला 'विलायती' आहे. मूळ अरबी 'विलायत' म्हणजे राज्य, प्रांत. हिंदुस्थानात ती प्रथम परदेश झाली आणि मग इंग्लंड. हिंदुस्थानातील गोऱ्या पलटणींनी तो शब्द उचलला आणि फ्रान्सच्या खंदकांत नेला. तेव्हा मराठी भाषांतरकाराने 'ब्लायटी'च्या जागी 'विलायत' लिहावे हे उघड दिसते. शब्द आपला, लिपी आपली, अर्थही इंग्लंड. तरीही हे भाषांतर सपशेल खोटे ठरते. मराठीत विलायत म्हणजे दूरचे, भपक्याचे, महागाचे काही तरी. विलायती कापड, विलायती औषध, विलायतेहून परत आलेला बॅरिस्टर. एवढेच काय, मेक्सिकोकडून आलेल्या झाडाच्या शेंगांनाही आपण विलायती चिंच म्हणून मोकळे झालो. चिखलात गुडघाभर उभ्या असलेल्या त्या शिपायाला ब्लायटी म्हणजे यातले काहीच नव्हते. ब्लायटी म्हणजे आईच्या हातचा चहा, गल्लीच्या तोंडचा दिवा. ज्या जखमेमुळे प्राण जात नाही पण मायदेशी रवानगी होते, तिलाही तो 'ब्लायटी'च म्हणे, आणि देवाकडे ती मागत असे.

याला मराठी शब्द कोणता? आमच्या मते 'मुलूख'. मुंबईच्या गिरणीतील कोकणी कामगार रजा मिळाली की मुलखाला जाई. मेसोपोटेमियात लढणाऱ्या मराठा पलटणीतील शिपायाला रात्री काय आठवत असेल ते याच शब्दाने सांगता येते. 'मुलूख'ही अरबीच, आणि त्याचाही अर्थ राज्य, देश. दोन अरबी शब्द, मूळ अर्थ जवळजवळ एक. पण त्यांपैकी एक आपल्याकडे परक्याचा देश झाला आणि दुसरा स्वतःचा गाव. जो भाषांतरकार कोश पाहील तो पहिला निवडील. जो कधी काळी परप्रांताच्या स्टेशनावर सुटीचे तिकीट काढण्यासाठी रांगेत उभा राहिला असेल तो दुसरा निवडील.

बोलीतील शब्दांना संस्कृताची शाल पांघरण्याची जी खोड आपल्या भाषांतरांना जडली आहे तिचेही मूळ येथेच आहे. इंग्रजी कादंबरीतील हमाल, जुगारी, सार्जंट आणि न्यायाधीश हे मराठीत आले की चौघेही एकाच पाठशाळेत शिकल्यासारखे बोलतात. काशीच्या गल्लीत एक तास उभे राहिले तर हा रोग बरा होईल. येथे 'का गुरू' अशी हाक मारणारा कोणाचाही शिष्य नसतो. तो मित्राला गुरू म्हणतो, पानवाल्याला म्हणतो, आणि हिशेबात फसवणाऱ्यालाही तोच शब्द जरा लांबवून म्हणतो. कोशात गुरू शब्दाचे पाचपंचवीस अर्थ सापडतील. कोणता लागू करायचा ते आवाजाच्या लांबीवर ठरते. या हाकेचे मराठी 'काय आचार्य' असे करणाऱ्यापुढे आम्ही हात जोडतो.

मग नवा शब्द कधी घडवूच नये काय? असे आम्ही म्हणत नाही, आणि काशीत बसून तर तसे म्हणताच येणार नाही. बाबूराव विष्णु पराडकर याच नगरीत १८८३ साली एका मराठी घरात जन्मले. घरी मराठी, आणि सखाराम गणेश देऊस्करांसारखे बंगालीत ग्रंथ लिहिणारे मामा. १९२० साली निघालेल्या 'आज' दैनिकाचे संपादन त्यांनी दीर्घकाळ केले आणि १९५५ साली ते निवर्तले. राष्ट्रपति, मुद्रास्फीति, सर्वश्री असे कितीतरी हिंदी शब्द रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. ते शब्द टिकले याचे कारण आमच्या मते असे की ते कोणा समितीच्या बैठकीत सावकाश घडले नाहीत. रात्री तार आली, सकाळी अंक निघायचा, आणि तो वाचणारा घाटावरचा माणूस अडता कामा नये, या निकडीत ते निघाले. १९६२ च्या आपल्या पदनाम कोशाची 'बदनाम कोश' म्हणून टवाळी झाली, त्यातील 'आयुक्त' आणि 'जिल्हाधिकारी' मात्र आज शेतकऱ्याच्याही तोंडी आहेत. कारण त्या नावांच्या माणसांकडे त्याला रोज खेटे घालावे लागतात.

पराडकरांचा प्रत्येक शब्द आम्हांस सारखाच पसंत आहे असे नाही. 'मुद्रास्फीति'त इंग्रजी शब्दातील फुगण्याची प्रतिमा जशीच्या तशी उतरली आहे, आणि कुळाच्या दृष्टीने तो शब्द निर्दोष आहे. तरीही मराठीतला साधा 'चलनवाढ' त्याहून सरस आहे, कारण बाजारात पिशवी घेऊन गेलेल्या माणसाला तो पहिल्याच खेपेस कळतो. पण 'सर्वश्री'ला मात्र तोड नाही. एका यादीत दहा नावे आली की प्रत्येकामागे श्री लावण्याचा जो कंटाळा, तोच मघाच्या 'डिट्टो'च्या व 'मजकुरा'च्या मुळाशी होता. काशीच्या एका मराठी संपादकाने हिंदीसाठी रूढ केलेला हा शब्द आज मुंबईच्या विधिमंडळाच्या कागदपत्रांत मराठी आमदारांच्या नावांमागे छापला जातो, आणि तो कोठून आला हे तेथे कोणी विचारीत नाही.